आजार उद्‌भवला की बळावला?

सोमवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. भाजीपाला, बी-बियाणे आणि दवाखाना अशी तिन्ही कामे एकाच एस.टी.च्या फेरीत उरकायची, असा खेड्यापाड्यांतल्या मंडळींचा हिशेब असतो. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका सोमवारी शेजारच्या गावचे एक निवृत्त हवालदार सपत्नीक आले. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेल्या माणसाला, तो नाईक असो की सुभेदार, सगळे ‘मेजर’च म्हणतात, मीही तसेच म्हणतो. मेजरांचा रक्तदाब पाहिला आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला. दोन्ही वेळा तोच आकडा. १९० वर ११०.

‘‘गोळ्या चालू आहेत ना?’’

मेजर गप्प. वहिनीच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तीन आठवडे झाले, एक गोळी घेतलेली न्हाई. मुद्दाम बंद केल्यात.’’

मग हळूहळू उलगडा झाला. २०१८ साली चोवीस वर्षांची नोकरी करून ते घरी आले तेव्हा सेवानिवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाने, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाने, त्यांचा रक्तदाबाचा आजार ३० टक्के धरला होता. मात्र त्यावर शेरा मारला होता की, हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजी मंडळी या शेऱ्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नाना’ म्हणतात. ‘‘आमची पेन्शन नानानं अडवली,’’ हे वाक्य मी आजवर किमान दहाजणांच्या तोंडून ऐकले असेल. नोकरीची पेन्शन त्यांना मिळतच होती. नाकारले गेले ते अपंगत्वाचे वेतन. त्यावर त्यांनी एक अपील केले, तेही फेटाळले गेले. आता कोणीतरी सांगितले होते की पुन्हा अर्ज केला तर पुन्हा तपासणी होईल, तेव्हा रक्तदाब चढलेला दिसला पाहिजे. म्हणून गोळ्या बंद!

वाचकहो, पेन्शन, अपील असल्या गोष्टी आरोग्याच्या सदरात कशाला, असे काहींना वाटेल. पण पेन्शनीपायी एक माणूस अर्धांगवायूच्या दारात जाऊन उभा होता. शिवाय हा सगळा वाद एका वैद्यकीय प्रश्नाभोवतीच फिरतो. ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि जिथे आजही घरटी एखादा फौजी सापडतो, तिथे हा प्रश्न फार घरांचा आहे.

मेजरांना त्या दिवशी आधी औषध दिले, अर्धा तास बाकावर झोपवून ठेवले आणि चांगले रागावलो. त्यांची मूळ समजूतच चुकीची होती. त्यांचा आजार किती टक्के, याबद्दल वाद नव्हताच. ३० टक्के बोर्डाने स्वतःच लिहिले होते. वाद होता तो आजाराचा नोकरीशी संबंध काय, एवढाच. आजचा रक्तदाब १९० दाखवा नाहीतर २३० दाखवा, त्यावरून पंधरा वर्षांपूर्वी तो कुठे आणि कसा सुरू झाला हे कळत नाही. मेंदूतली रक्तवाहिनी मात्र फुटू शकते.

आता नियम पाहू. सैनिकाला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त असावे, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्‌भवलेले असावे किंवा सेवेमुळे बळावलेले असावे. या ‘किंवा’कडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सेवेमुळे उद्‌भवणे वेगळे आणि सेवेमुळे बळावणे वेगळे; पेन्शन दोहोंनाही आहे.

तोफखान्यातल्या जवानाचे कान तोफेच्या आवाजाने गेले किंवा बर्फात पायाची बोटे गळाली, तर आजार सेवेमुळे उद्‌भवला हे कोणीही मान्य करील. रक्तदाबाचे तसे नाही. शंभरातल्या बहुतेक रोग्यांमध्ये त्याचे एकच असे कारण दाखवता येत नाही. आनुवंशिकता, वय, वजन, मीठ, तंबाखू, ताण, सगळ्यांचाच हातभार असतो. मेजरांनी पहिल्या अपिलात काय लिहिले होते? तर ‘मला हा आजार फौजेनेच दिला.’ दोन पाने त्याच त्या वाक्याची, खाली सही आणि ‘जयहिंद’. वैद्यकीय दृष्टीने हे वाक्य सिद्ध होण्यासारखे नव्हते आणि ते फेटाळले गेले यात मला नवल वाटले नाही. म्हणायला हवे होते ते असे, की आजाराचे मूळ काहीही असो, तो प्रथम दिसला तेव्हा मी अमुक इतक्या उंचीवर, अमुक ड्यूटीवर होतो आणि त्या परिस्थितीने तो बळावला.

हे नुसते शब्दांचे खेळ नाहीत. नऊ हजार फुटांच्या वर हवा विरळ होते. प्राणवायू कमी पडला की शरीरातली धोक्याची घंटा वाजते, हृदय जोरात चालू लागते, थंडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब चढतो. त्यात अपुरी झोप आणि डोक्यावर सतत धोका. लष्करी डॉक्टरांसाठी पेन्शनविषयक जी मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिच्या २००२ च्या आणि नंतर २००८ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीत हे मान्य केलेले होते. आघाडीवरचा भाग, अतिउंचीचा प्रदेश, घुसखोरविरोधी मोहिमेचा इलाखा किंवा दीर्घकाळ जहाजावरची नोकरी अशा ठिकाणी रक्तदाबाचा आजार सुरू झाला, तर तो सेवेने बळावला असे धरावे, असे त्यात होते. हृदयविकाराच्या झटक्यासाठी तर झटक्याच्या आधीच्या चौदा दिवसांत त्या जवानाने काय काय काम केले, ते पाहायला सांगितले होते. म्हणजे ठाणे शांततेच्या भागातले असले तरी त्या पंधरवड्यातली धावपळ कागदावर असेल, तर उपयोग होऊ शकतो.

एक खुलासा इथेच करतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर फौजेतून बाहेर पडलेल्यांनी नवे नियम समजून घ्यावेत. मेजर २०१८ चे, त्यांना जुनेच लागू.

मी त्यांना पुढच्या सोमवारी सगळी कागदपत्रे घेऊन यायला सांगितले. ते पत्र्याची काळी ट्रंकच घेऊन आले! रिक्षाचे भाडे वेगळे पडले म्हणून वहिनी कुरकुरत होत्या. ट्रंकेत डिस्चार्ज बुक होते, पदकांची डबी होती, मुलांचे जन्मदाखले, विम्याच्या पावत्या, आणि तळाशी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद. बोर्डाच्या अहवालाची प्रत त्यांच्याकडे होती. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागावी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठी वापरता येतो.

अहवालात ‘आजार सुरू झाल्याची तारीख व ठिकाण’ असा रकाना होता. त्यात २०१२ सालची तारीख आणि एका शांततेच्या ठाण्याचे नाव होते. याच रकान्यावर पुढचे सगळे उभे होते: शांततेचे ठाणे, म्हणून ताण नाही, म्हणून संबंध नाही. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीवर फाटलेली एक चिठ्ठी निघाली. २०१० सालची, लडाखमधल्या पोस्टिंगच्या वेळची, फील्ड हॉस्पिटलची. डोकेदुखी आणि चक्कर यासाठी दोन दिवस दाखल, रक्तदाब १६० वर १००, विश्रांती व पुन्हा तपासणीचा सल्ला. पुढे त्यांची बदली झाली. पुन्हा तपासणी, औषधे आणि वैद्यकीय श्रेणी कमी होणे हे सगळे नव्या ठाण्यावर २०१२ मध्ये घडले, आणि बोर्डाने श्रेणी कमी झाल्याचीच तारीख आजाराची तारीख म्हणून लिहिली.

यात कोणाचा दुष्टावा असेलच असे नाही. श्रेणी उतरल्याची तारीख फाइलीत ठळक असते, जुनी चिठ्ठी नसते. मीही रोग्याचा इतिहास घाईत लिहितो तेव्हा अशा चुका होतात. पण माझ्या चुकीने कोणाची पेन्शन जात नाही.

‘‘ही चिठ्ठी पहिल्या अपिलाला का जोडली नाहीत?’’ मी विचारले.

‘‘ती डोकेदुखीची चिठ्ठी हाय ओ. बीपीची कुठाय?’’

रोग्याच्या दृष्टीने ते डोकेदुखीसाठीच दाखल झाले होते. तो आकडा कोणी त्यांना समजावून सांगितलाच नव्हता. म्हणून माझे सर्व फौजी वाचकांना सांगणे आहे की, सैन्यातली कुठलीही दवाखान्याची चिठ्ठी निरुपयोगी समजून टाकू नका आणि ती स्वतःच वाचून निकालात काढू नका. एखाद्या डॉक्टरला दाखवा. दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि चौकशी झाली असल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद महत्त्वाचे. कुठे किती काळ होतो हे दाखवायला पोस्टिंगच्या नोंदी लागतात. २००८ च्या नियमांत एक कलम असे आहे की, निवृत्तीनंतर पंधरा वर्षे उलटून गेल्यावर, मुदत संपून सेवेची कागदपत्रे नष्ट झाल्यावर दावा केला, तर शाबीत करण्याचा भार दावेदारावर येतो. म्हणजे त्यांच्याकडचा कागद गेला तरी तुमच्या ट्रंकेतला राहिला पाहिजे.

एरवी हा भार जवानावर नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८२ च्या पात्रता नियमांतच म्हटले होते की, दावेदाराला पात्रता सिद्ध करायला सांगू नये आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही आणि ज्यामुळे पुढे घरी पाठवले गेले, तो सामान्यतः सेवेत असताना झाला असे धरायचे. तो भरतीच्या तपासणीत कळण्यासारखा नव्हता असे बोर्डाचे मत असेल, तर त्याची कारणे लिहायची. आता यातली मेख पाहा. भरतीला छाती मोजतात, पळवतात, डोळे-कान-दात पाहतात आणि हजारोंतून तरणाबांड पोरगा निवडून घेतात. वीस वर्षांनी तोच आजारी पडला की म्हणायचे, हे तुझ्या प्रकृतीतच होते!

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आला. हा जवान जून १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाला. सुमारे नऊ वर्षांनी, १ एप्रिल १९९४ पासून, फेफऱ्याच्या विकारामुळे त्याला घरी पाठवण्यात आले. अपंगत्व २० टक्के धरले, पण विकार प्रकृतिजन्य आहे, सेवेशी संबंध नाही, असे म्हणून पेन्शन नाकारली. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे तो जिंकला, खंडपीठापुढे हरला. शेवटी २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरले पाहिजे, सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणे न देता नुसता शेरा मारणे पुरेसे नाही, असे त्यात स्पष्ट झाले. एकोणीस वर्षे लागली. न्याय मिळाला म्हणायचे, पण एवढ्या काळात घरातल्यांनी काय सोसले असेल, ते निकालपत्रात येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. न्यायालयात गेले की पेन्शन मिळतेच, असे काही एजंट सांगत फिरतात, ते खरे नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, रुग्णाला पेन्शन नाकारली. मानसिक आजार भरतीच्या वेळी दिसतीलच असे नाही आणि तज्ज्ञ बोर्डाच्या मताला महत्त्व आहे, असे न्यायालयाने म्हटले. उलट मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या एका जवानाला न्यायालयाने पेन्शन दिली, कारण बोर्डाने आपल्या मताची कारणेच दिली नव्हती. आजार एकच, निकाल दोन. म्हणून आपल्या बोर्डाच्या अहवालात कारणे लिहिली आहेत का, लिहिली असली तर ती आपल्या कागदांशी जुळतात का, हे आधी पाहायचे.

मानसिक आजारांबद्दल मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. घरचे लोक हे कागद जाळून टाकतात. मुलीचे लग्न जमायचे असते, भावकीत चर्चा नको असते. मग दहा वर्षांनी कोणी अपिलाचे सांगितले तर हातात काही नसते, आणि त्या बिचाऱ्याचे औषधही त्याच लाजेपायी सुटलेले असते. कागद लपवा हवे तर, पण जाळू नका. आणि औषध अजिबात थांबवू नका.

आता रीत. नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत करायचे. ते फेटाळले तर त्या पत्रापासून सहा महिन्यांत दुसरे. तिथेही नकार आला, किंवा सहा महिने उलटूनही उत्तरच आले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन होऊन २००९ मध्ये सुरू झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे. उशीर झाला असल्यास तो माफ करण्याचा अर्ज करता येतो. पण उशीर फुकट नसतो. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या पेन्शनची थकबाकी दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली. मागची वर्षे गेली ती गेली.

रक्कम किती, हेही सगळे विचारतात. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्या प्रमाणात खाली. समजा पगार ४०,००० होता. शंभर टक्क्यांना १२,००० रुपये, तर ३० टक्क्यांना ३,६०० रुपये. पण १९९६ पासून लागू झालेल्या सवलतीप्रमाणे ५० च्या खालचे अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५, आणि त्यावरचे १००. म्हणजे मेजरांना ३,६०० च्या जागी ६,००० रुपये, अधिक महागाईभत्ता. ही सवलत पूर्वी फक्त आजारामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांना देत. नोकरीची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती द्यावी, हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात ठरले.

आणखी एक गोंधळ माझ्याकडे वारंवार येतो. जिल्हा रुग्णालयातून मिळणारे ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन लोक म्हणतात, ‘‘हे बघा, आता फौज कशी नाही म्हणेल?’’ ते प्रमाणपत्र वेगळ्या कायद्याचे आणि वेगळ्या सवलतींचे. लष्कराचा २० टक्क्यांचा हिशेब लष्कराचेच डॉक्टर करतात. तसेच, ‘ड्यूटीमुळे आजार झाला’ असे माझ्या लेटरहेडवर लिहून मागणारेही येतात. मी लडाखला होतो का? मी असे लिहून देत नाही आणि दिले तरी त्याला किंमत नाही. मी लिहून देऊ शकतो ते एवढेच की माझ्याकडे कधीपासून उपचार आहेत, कोणती औषधे आहेत, आणि जुन्या चिठ्ठ्यांतल्या नोंदींचा वैद्यकीय अर्थ काय होतो. तंबाखू असेल, वजन जास्त असेल, तर तेही लिहितो. मेजरांची तंबाखूची पुडी मी लपवली नाही. बोर्डाच्या कागदात ती होतीच.

मेजरांचे दुसरे अपील आम्ही नव्याने लिहिले. ‘आम्ही’ म्हणजे मी वैद्यकीय भाग आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी बाकीचा. आधीची दोन पाने जाऊन एकच पान झाले. पहिल्या नोंदीची तारीख, ठाणे, त्याची उंची, बोर्डाने लिहिलेली तारीख आणि दोन्हींतली तफावत. सोबत फाटक्या चिठ्ठीची प्रत, दुसऱ्या अपिलाला उशीर का झाला याचा वेगळा अर्ज, आणि पोस्टाची पोच नीट ट्रंकेत. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी कायदेशीर मदतीची योजना सुरू केली आहे. वकिलाची फी परवडत नसेल त्यांनी सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करावी.

सहा महिने झाले, उत्तर आले नाही. मेजरांनी मुंबईला अर्ज केला. मागच्या सोमवारी दोघे आले होते, पुढची तारीख लागल्याचे सांगायला. रक्तदाब १३६ वर ८४ होता. मेजरांनी आकडा पाहिला आणि थोडे खट्टू झाले.

‘‘कोर्टानं विचारलं तर? म्हंतील, हा तर बरा हाय.’’

‘‘तर सांगा, गोळ्या खातो म्हणून बरा आहे. चिठ्ठी दाखवा.’’

वहिनींनी पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढून टेबलावर ठेवली, मोजून दाखवल्यासारखी. मी पुढच्या दोन महिन्यांच्या लिहून दिल्या.